डबलसीट, शेअर रिक्षा की एसटी? साथीत कामाला जाण्यावरून नवरा-बायकोचं का पटत नाही

साथीची नवी लाट आली अशी बातमी दिसली की घराघरांत तोच वाद उभा राहतो. २०२० मध्ये झाला, २०२१ च्या उन्हाळ्यात जास्त कडवट झाला, आणि मे २०२५ मध्ये कोविडचे रुग्ण पुन्हा थोडे वाढले तेव्हाही झाला. एक म्हणतं, "अहो, चार दिवस नका जाऊ." दुसरं म्हणतं, "रिक्षात दहा मिनिटं तर बसतो, तेवढ्यानं काय होतंय?" सोलापुरात हा वाद चैनीचा नाही. चादरी-टॉवेलचा कारखाना, गारमेंट, विडी, दवाखाना, बाजार समिती यांतलं काम घरी बसून होत नाही आणि हजेरी बुडाली की पैसे बुडतात. म्हणून जाणं भाग असतं आणि जाताना भीतीही असते.

दोघांपैकी एक जण भित्रा आणि दुसरा बेफिकीर, असं समजून हा वाद घातला तर तो सुटत नाही. बहुतेक वेळा दोघंही शहाणी असतात, पण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. काय मोजायचं आणि कसं, हे कळलं की निम्मं भांडण तिथंच मिटतं.

विषाणू प्रवासात येतो कुठून

कोविडसारखे श्वसनाचे आजार मुख्यतः हवेतून पसरतात. आपण बोलतो, खोकतो, नुसता श्वास सोडतो तेव्हाही अतिशय बारीक थेंब बाहेर पडतात. त्यांना एरोसोल म्हणतात. मोठे थेंब लगेच खाली पडतात, पण हे बारीक थेंब बंद जागेत बराच वेळ तरंगत राहतात.

हे समजायला विडीचा धूर डोळ्यांसमोर आणा. उघड्या रिक्षात शेजारच्यानं विडी पेटवली तर धूर नाकाला लागतो, पण लगेच वाऱ्यावर निघून जातो. काचा बंद असलेल्या बसमध्ये पुढच्या सीटवर कुणी विडी ओढली तर वास शेवटच्या बाकापर्यंत पोचतो आणि विडी विझल्यावरही रेंगाळतो. धोका तीन गोष्टींवर ठरतो: धूर किती सुटतोय, तुम्ही त्यात किती वेळ आहात आणि हवा किती वेगानं बदलतेय. शेजारच्याच्या तोंडाजवळ धूर सगळ्यात दाट असतो, म्हणून अंतर चौथं.

हवा किती शिळी झाली हे कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या मीटरवर कळतं. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतो, आपल्या उच्छ्वासात सुमारे ४०,०००. समजा, बंद बसमध्ये मीटर १,६०० दाखवतंय. म्हणजे बाहेरच्यापेक्षा १,१८० जास्त. त्याला ४०,००० नं भागलं तर जवळपास ३ टक्के. तुम्ही आत घेताय त्या हवेतला सुमारे तेहतिसावा हिस्सा आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला आहे. मीटर विषाणू दाखवत नाही, फक्त दुसऱ्याची हवा आपण किती ओढतोय ते दाखवतं. पण वादात हा आकडा कामाला येतो, कारण त्यात कुणाचा स्वभाव येत नाही.

कोणतं वाहन किती धोक्याचं

स्वतःच्या मोटारसायकलवर एकटं जाणं, संसर्गाच्या दृष्टीनं, जवळपास बिनधोक. घरातल्याच माणसाबरोबर डबलसीट गेलात तरी नवा धोका वाढत नाही, कारण रात्री एकाच छताखाली झोपताच.

उघडी रिक्षा लोकांना वाटते त्यापेक्षा बरी. भारतातल्या वाहनांची तुलना करणारा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उघडी रिक्षा सर्वांत कमी आणि काचा बंद असलेली एसी टॅक्सी सर्वांत जास्त धोक्याची निघाली. एसी गाडी "स्वच्छ" वाटते आणि रिक्षा "गर्दीची", म्हणून आपला अंदाज नेमका उलटा होतो. अर्थात रिक्षाचं हे गणित दोन वेळा बिघडतं. पावसात दोन्ही बाजूंचे रेक्झिनचे पडदे खाली सोडले की ती बंद पेटी होते. आणि शेअर रिक्षात मागं चौघं कोंबली की शेजाऱ्याचा श्वास थेट तुमच्या गालावर येतो. तेवढ्या जवळ वाराही पुरा उपयोगी पडत नाही. कडेची सीट धरा, तोंड बाहेरच्या बाजूला ठेवा, पडदा एका बाजूचा तरी वर राहू द्या. वडापच्या जीपला हेच लागू, फक्त माणसं जास्त आणि वेळही जास्त.

साध्या एसटीच्या खिडक्या उघड्या आणि गाडी धावती असेल तर हवा चांगली बदलते. अडचण गाडी स्टँडवर उभी असते तेव्हा आहे. माणसं भरलेली, वारा नाही, कंडक्टरची वाट बघणं चालू. अक्कलकोट, मोहोळ, तुळजापूरहून रोज ये-जा करणाऱ्यांनी बाहेर थांबून गाडी सुटायच्या वेळी चढावं. सीटचा हट्ट असेल तर हे जमत नाही, हे मान्य. पण लाट जोरात असताना उघड्या खिडकीजवळ उभं राहणं हे बंद काचेजवळ बसण्यापेक्षा बरं. शिवशाहीच्या काचा उघडत नाहीत, त्यामुळे तिथं मास्क हाच मुख्य आधार.

चिंचोळीच्या एमआयडीसीला चौघं मिळून कारनं जातात, त्यांच्यासाठी. एसीचं बटण "आतली हवा फिरवा" या खुणेवर असेल तर चौघं एकमेकांची हवा पीत बसतात. ते बाहेरची हवा घेण्यावर ठेवा. चारही काचा उघडणं सर्वांत चांगलं. मे महिन्याच्या उन्हात ते अशक्य असेल तर एसी चालू ठेवून पुढची एक आणि मागची एक काच चार-चार बोटं खाली घ्या. चालक आणि मागं तिरक्या कोपऱ्यात बसलेला प्रवासी, असे दोघंच असतील तर आपापल्या शेजारच्या काचेपेक्षा पलीकडच्या बाजूच्या काचा उघडल्यानं दोघांमधून हवेचा पडदा तयार होतो. २०२० मध्ये कारमधल्या हवेच्या प्रवाहावर झालेल्या संशोधनातून हे पुढं आलं.

"मागच्या महिन्यात गेलात ना त्याच बसनं?"

गेला होतात, आणि तेव्हा ते ठीकही असेल. बस तीच असली तरी धोका तोच राहत नाही. समजा, गावात हजारात एक जण बाधित आहे. पन्नास प्रवाशांच्या बसमध्ये किमान एक बाधित असण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. लाट चढली आणि शंभरात एक बाधित झाला की त्याच बसमध्ये ती शक्यता ३९ टक्क्यांच्या वर जाते. चार सहप्रवाशांच्या रिक्षात त्याच वेळी ती जेमतेम ४ टक्के. हे आकडे समजून घेण्यासाठी धरलेले आहेत, आणि बाधित माणूस गाडीत असला म्हणजे तुम्हाला लागण होणारच असंही नाही. तरी मुद्दा स्पष्ट आहे: लाटेचा जोर आणि डोक्यांची संख्या मिळून चित्र पालटतं. म्हणून "तू आधी असं वागलास, आता का तसं म्हणतोस" हा हिशेब गैरलागू आहे.

एक जण फेरी मोजतो, दुसरा मोसम

माझ्या मते वादाचं खरं मूळ इथं आहे. समजा, प्रत्येक फेरीत लागण होण्याची शक्यता हजारात एक आहे. जाणारा म्हणतो, "काही होत नाही." तो बरोबर आहे, हजारातल्या ९९९ फेऱ्यांत काहीच होत नाही. पण महिन्याचे २६ दिवस, जाऊन-येऊन ५२ फेऱ्या. महिन्यात एकदा तरी लागण होण्याची शक्यता ५ टक्के होते. तीन महिन्यांची लाट धरली तर १५६ फेऱ्या आणि १४ टक्के, म्हणजे सातात एक. घरी काळजी करणारी हा आकडा मनात धरून बोलत असते, तोंडानं मात्र "आज नका जाऊ" एवढंच म्हणते. मग तो "आज" पुरतं उत्तर देतो.

रोज सुखरूप परत आलं की अनुभवही फसवतो. चाळीस दिवस काही झालं नाही याचा अर्थ रस्ता सुरक्षित आहे असा होत नाही. हजारात एकाचा धोका असला तरी चाळीस दिवस बहुधा असेच जाणार.

"माझा धोका मी घेतो"

एकटं राहणाऱ्यानं असं म्हणावं. एका घरात श्वास घेणाऱ्यांना ते म्हणता येत नाही. दोघंही बाहेर जात असतील आणि प्रत्येकाचा महिन्याचा धोका ५ टक्के असेल, तर घरात आजार शिरण्याचा धोका जवळपास १० टक्के होतो. घरात सत्तरीची सासू असेल, वडिलांना मधुमेह असेल, कुणाचं डायलिसिस चालू असेल तर त्यांच्या वाट्याला दोघांचाही धोका येतो, आणि तेही स्वतः उंबरा न ओलांडता. गंभीर आजाराची शक्यता वयाबरोबर झपाट्यानं वाढते. त्यामुळे तीस वर्षांच्या जाणाऱ्यानं स्वतःच्या तब्येतीवरून केलेला हिशेब म्हाताऱ्या माणसाला लागू होत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अशा वेळी बऱ्याच घरांत बायकोलाच काम सोडायला सांगतात, कारण तिची कमाई कमी. हा हिशेब चुकीचा आहे आणि अन्यायाचाही. समजा, ती घरी विड्या वळते आणि माल द्यायला, पान-तंबाखू आणायला कारखान्यात तासभर जाते. तो आठ तास बंद एसी ऑफिसात दहा जणांबरोबर बसतो. तिचं जाणं बंद केल्यानं घराचा धोका फारसा कमी होत नाही, कमाई मात्र जाते. कुणाचं काम थांबवायचं हे पगारावरून न ठरवता बंद हवेतल्या वेळेवरून ठरवा.

तसंच घरातल्या एकुलत्या गाडीचं. ती आपोआप नवऱ्याची असते. लाटेच्या दिवसांत ज्याचा पर्याय जास्त धोक्याचा, त्यानं ती न्यावी. त्याला कारखान्याजवळ उतरवणारी खिडक्यांची बस असेल आणि तिला दोनदा बदलून भरलेल्या रिक्षातून जावं लागत असेल, तर किल्ली तिच्याकडे हवी. तिला गाडी चालवता येत नसेल तर वाटेवर सोडून पुढं जाता येतं का ते बघा.

वाटेपेक्षा मुक्काम मोठा

वाद रिक्षावरून होतो, कारण रिक्षातले अनोळखी चेहरे दिसतात. लागण मात्र बऱ्याचदा ओळखीच्या माणसांत होते. यंत्रमागाच्या शेडमध्ये धागा तुटू नये म्हणून ओलावा राखतात, त्यासाठी खिडक्या लावून घेतात. मागांच्या खडखडाटात कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि मोठ्यानं बोलताना एरोसोल कितीतरी जास्त सुटतात. मग सुट्टीत मास्क काढून सगळे एका खोलीत डबा खायला बसतात.

हिशेब करून बघा. मास्कनं आत येणारे कण ८० टक्के कमी होत असतील तर चाळीस मिनिटांचा बसप्रवास मास्कविना आठ मिनिटांएवढा होतो. तेवढ्याच कोंदट खोलीत मास्क काढून घेतलेला पंधरा मिनिटांचा चहा त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून बायकोनं "बसनं जाऊ नका" यापेक्षा "डबा आवारात झाडाखाली खा" हा आग्रह धरला तर फायदा जास्त आणि भांडण कमी.

उलट, दारात अंघोळ, पिशवी तीन तास उन्हात, भाजी साबणानं धुणं यावर एवढी ताकद घालवू नका. वस्तूंना हात लावून कोविड होण्याची शक्यता अगदी कमी. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनं एप्रिल २०२१ मध्ये दूषित पृष्ठभागाच्या प्रत्येक स्पर्शामागं ती साधारण दहा हजारांत एकाहून कमी असल्याचं म्हटलं होतं. हात साबणानं धुवा, तेवढं पुरे.

मास्क घालूनही का होतं

बहुधा कडेनं हवा शिरते म्हणून. एन-९५ किंवा एफएफपी-२ प्रतीचा मास्क कापडातून जाणारे ९४-९५ टक्के कण अडवतो. नाकाशी फट राहिली तर हवा कापडातून न येता त्या फटीतून येते. नाकावरची पट्टी दोन बोटांनी दाबून बसवा, दोन्ही तळव्यांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडा. डोळ्यांवर हवा आली तर वर फट आहे, गालावर आली तर बाजूला. डोक्यामागून पट्टे जाणारा मास्क कानात अडकवायच्या मास्कपेक्षा घट्ट बसतो. दाढी असेल तर कोणताच नीट बसत नाही. व्हॉल्व्हचा घेऊ नका, त्यातून तुमचा श्वास न गाळता बाहेर जातो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जुलै २०२० मध्येच तसं बजावलं होतं.

हा मास्क धुवायचा नसतो, साबणानं त्यातला स्थिर विद्युतभार जातो आणि गाळण्याची ताकद घटते. पाच मास्क घ्या, पाच कागदी पिशव्यांवर वार लिहा, आळीपाळीनं वापरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घामाचा ओलावा वाळत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात मास्क दुपारीच भिजतो, म्हणून परतीच्या प्रवासासाठी वेगळा ठेवा. पट्टा सैल झाला की टाकून द्या.

"मग सगळ्यांनी मोटारसायकलवरच जावं का?"

नाही. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. लाट ओसरलेली असताना उघड्या खिडक्यांची एसटी सोडून रोज पुणे रस्त्यावर ट्रकच्या रांगेत दुचाकी घालणं म्हणजे लहान धोका टाळून मोठा पत्करणं. रात्रपाळीहून झोपेत परतणाऱ्याला तर बसच बरी. शहरातल्या शहरात, जुळे सोलापूर ते पार्क चौक एवढ्या अंतराला, हेल्मेट घालून हळू जात असाल तर गाडीचं पारडं जड.

"ताप आला की घरीच थांबेन", "लस घेतलीय", "सगळ्यांनाच होणार"

तापाची वाट बघून चालत नाही, कारण कोविडचा रुग्ण लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच आजार पसरवतो. लक्षणं सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस जोर सर्वांत जास्त. म्हणून घसा खवखवताच थांबायचं. घरच्या घरी करायची तपासणी निगेटिव्ह आली तरी ४८ तासांनी पुन्हा करायची, कारण पहिल्या दिवशी ती चुकू शकते.

लसीनं गंभीर आजार आणि मृत्यू टळतात, आणि तेच सर्वांत महत्त्वाचं. पण नुसती लागण होण्यापासूनचं संरक्षण काही महिन्यांत उतरतं. लस घेतलेला जाणारा स्वतः किरकोळ आजारी पडून सासूला आजार देऊ शकतो. आणि सगळ्यांना होणारच असेल तरी एकाच आठवड्यात होऊ नये. एप्रिल २०२१ मध्ये खाट आणि ऑक्सिजन शोधत फिरलेल्या कुटुंबांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

दोघांनी बसून ठरवायचं ते असं

लाट नसताना, सुट्टीच्या दिवशी, डोकं शांत असताना बसा. दोघांनीही आपला दिवस तुकड्यांत लिहायचा: घर ते चौक चालत सहा मिनिटं, रिक्षा बारा मिनिटं उघडी, शेड चार तास बंद, डबा वीस मिनिटं मास्कविना, असं. बंद जागा, मास्क नाही आणि वेळ जास्त, अशी तिन्ही ज्या तुकड्यात आहेत तो आधी सुधारायचा. बहुतेकांना तेव्हाच कळतं की आपण बारा मिनिटांच्या तुकड्यावरून भांडत होतो.

मग खूण ठरवा. सरकारी आकडे तपासण्या किती होतात यावर अवलंबून असतात, त्यांच्याच भरवशावर राहू नका. एका आठवड्यात कामावरचे दोघं-तिघं तापानं गैरहजर, गल्लीत दोन घरांत खोकला, सिव्हिलमध्ये वेगळा वॉर्ड उघडल्याची बातमी: यांतल्या कोणत्याही दोन गोष्टी झाल्या की मास्क, आवारात डबा आणि गाडीची अदलाबदल सुरू. तिन्ही झाल्या की बंद वाहन बंद. एकट्यानं रिक्षा करावी लागली तर त्याचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा, नाहीतर ऐन वेळी पुन्हा त्यावरून वाद होतो. खूण दिसली की नियम लागू, त्या दिवशी नव्यानं चर्चा नाही. भीती जास्त असणाऱ्यानं खुणेआधी अडवायचं नाही आणि कमी असणाऱ्यानं खुणेनंतर सवलत मागायची नाही.

घरात कुणी आजारी पडलं तर काय, तेही याच बैठकीत लिहा. मुकादमाला फोन कोण करणार, म्हातारी माणसं कुठं झोपणार. विडी घरकुलासारख्या (विडी कामगारांच्या वसाहतीतल्या) छोट्या घरात वेगळी खोली नसते. तिथं आजारी माणसाला खिडकीशी झोपवा, टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून ठेवा म्हणजे हवा बाहेर फेकली जाईल, समोरचं दार किलकिलं ठेवा, आणि आजारी माणूस व त्याचं करणारा, दोघांनीही मास्क लावा. पाऊस-थंडी नसेल तर बाकीच्यांनी गच्चीवर किंवा माळवदावर झोपणं सर्वांत सोपं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात असावा. आकडा ९४ च्या खाली गेला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

नियम कधी सैल करायचे हेही त्याच कागदावर हवं, नाहीतर काळजी करणाऱ्याला लाट संपलीच नाही असं वाटत राहतं आणि दुसरा चोरून मास्क काढायला लागतो. सलग दोन आठवडे कामावर नवी गैरहजेरी नाही आणि गल्लीत नवा ताप नाही, की पहिल्यांदा वाहनाचं बंधन सोडा, डबा आवारात खाणं त्यानंतर, आणि म्हाताऱ्या माणसांच्या खोलीतला मास्क सर्वांत शेवटी.